मेंदूतली उपकरणं आणि सुरक्षा : '६ मीटर' हे अंतर ठाण्याच्या लोकलमध्ये कसं मोजायचं?

ऐरोली_पॅकेट (धागाकर्ता)

'आता मेंदूही हॅक होणार' छापाचे मथळे वाचून वैताग येतो, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. पहिली जात मेंदूला किंवा नसेला विजेचे स्पंद देणाऱ्या उपकरणांची: डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड), पाठीच्या कण्यातला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, बहिरेपणासाठीचं कॉक्लिअर इम्प्लांट. दुसरी मेंदूचे संकेत नुसते ऐकणाऱ्या इम्प्लांटची: युटा अ‍ॅरे, स्टेंट्रोड, न्यूरालिंकचं एन१. तिसरी डोक्यावर चढवायच्या, मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या ईईजी पट्ट्यांची. पहिलीत धोका शरीराला, दुसरीत माणसाच्या हुकमाला (कर्सर कुठे जातो, काय टाइप होतं), तिसरीत माहितीला. हे वेगळं केल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही.

आता मूळ प्रश्न. जवळपास प्रत्येक सुरक्षा सूचनेत एक वाक्य ठरलेलं असतं: हल्लेखोर रुग्णाच्या जवळ असावा लागतो. मार्च २०१९ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या कॉनेक्सस टेलीमेट्रीबद्दल (उपकरणाशी रेडिओवरून बोलायची पद्धत) अमेरिकी सरकारी सूचना निघाली (सीव्हीई-२०१९-६५३८, तीव्रता १० पैकी ९.३). ती उपकरणं हृदयाची होती, मेंदूची नव्हे. पण रेडिओचा प्रश्न तोच. तिथे 'जवळ' म्हणजे साधारण ६ मीटर. अमेरिकेत घराभोवती अंगण असतं, तिथे हे वाक्य दिलासा देतं. आपल्याकडे लोकलचा डबा सुमारे २० मीटरचा. मधोमध उभं राहिलं तर दोन्हीकडे सहा-सहा मीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त डबा. सकाळच्या ठाणे-वाशी गाडीत या वाक्याला काय अर्थ उरतो?

किस्से नकोत. आकडे आणि कारणं लिहा.

सानपाडा_सिग्नल

गणित बरोबर, पण एक पायरी सुटली. रेडिओ सतत उघडा नसतो.

जुन्या पिढीत डॉक्टरांना प्रोग्रॅमरची (सेटिंग बदलायच्या यंत्राची) कांडी उपकरणावर टेकवावी लागे. १७५ किलोहर्ट्झच्या आसपासची ती चुंबकीय जोडणी काही सेंटीमीटरांतच विरते. मग ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा वैद्यकीय पट्टा आला आणि अंतर मीटरांत गेलं. आता ब्लूटूथ लो एनर्जी, २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे डब्यातल्या प्रत्येकाच्या इअरबडचा पट्टा. रुग्णाला शर्ट वर करायला लावावा लागत नाही, ही सोय खरी आहे. किंमत अंतरात मोजली गेली.

बऱ्याच उपकरणांत सत्र दोन टप्प्यांत चालतं: आधी अंगालगतच्या कॉइलने जागं करायचं, मग लांबच्या रेडिओवर बोलायचं. कॉनेक्ससमध्येही रेडिओ जागा असेल तेव्हाच शिरता येत होतं, म्हणजे क्लिनिकमधली तपासणी किंवा घरच्या मॉनिटरची ठरलेली वेळ. त्यामुळे माझ्या हिशेबाने लोकलपेक्षा ओपीडीबाहेरची बाकडी जास्त धोक्याची. तिथे सत्रं खरोखर उघडतात, भिंत प्लायवूडची असते, आणि पलीकडे लॅपटॉप घेऊन कोण बसलंय हे कोणी विचारत नाही.

आत शिरल्यावर काय सापडतं? २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ, मॅसॅच्युसेट्स-अ‍ॅमहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी सॉफ्टवेअर रेडिओने हृदयाची लय सावरणाऱ्या एका डिफिब्रिलेटरमधली रुग्णाची माहिती वाचून दाखवली आणि पकडलेले हुकूम पुन्हा पाठवून उपचाराची सेटिंग बदलली. २०१८ मध्ये लूवेन विद्यापीठाच्या गटाने बाजारातल्या एका न्यूरोस्टिम्युलेटरचा प्रोटोकॉल बाहेरूनच उलगडला: ना कूटलेखन, ना ओळख पटवणं. 'आमचा प्रोटोकॉल कोणाला ठाऊक नाही' एवढ्या भरवशावर ते उपकरण उभं होतं. त्याच गटाचा उपाय मात्र सुंदर आहे. मेंदूतला स्थानिक विद्युत संकेत हाच यादृच्छिक आकड्यांचा स्रोत मानून त्यातून सत्राची किल्ली तयार करायची.

मज्जातंतू_खारघर

डीबीएसपुरतं लिहितो, आकड्यांसह.

पार्किन्सनसाठी मेंदूतल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या केंद्रात इलेक्ट्रोड असेल तर नेहमीची सेटिंग १३० हर्ट्झच्या आसपास, पल्सची रुंदी ६० मायक्रोसेकंद, प्रवाह समजा ३ मिलिअँपिअर. इलेक्ट्रोडच्या एका कॉन्टॅक्टची (स्पंद सोडणाऱ्या धातूच्या कड्याची) लांबी १.५ मिमी, व्यास १.२७ मिमी, म्हणजे पृष्ठभाग सुमारे ०.०६ चौरस सेंमी. दर पल्सला ०.१८ मायक्रोकूलंब भार, भागिले ०.०६ केलं की ३ मायक्रोकूलंब प्रति चौरस सेंमी. मान्य मर्यादा ३०. सेटिंग आणि मर्यादा यांत दहापट अंतर आहे, शिवाय छातीत बसवलेल्या पल्स जनरेटरच्या हार्डवेअरलाही कमाल मर्यादा असतात. म्हणून 'मेंदू भाजून काढतील' ही भीती माझ्या यादीत बरीच खाली आहे.

वरच्या क्रमांकावर आहे ते मर्यादेच्या आत राहून होणारं नुकसान. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका पार्किन्सन रुग्णाची नोंद आली. लक्षणं कमी करणाऱ्या जागेच्या जेमतेम २ मिमी खालचा कॉन्टॅक्ट चालू केल्यावर तिला काही सेकंदांत तीव्र नैराश्य आलं, रडू फुटलं. स्पंद थांबवल्यावर दीड मिनिटाच्या आत ती सावरली. प्रवाह वाढवला नव्हता, काही जळलं नव्हतं. फक्त जागा बदलली होती. अशा बदलाला कुठलीही हार्डवेअर मर्यादा अडवत नाही, कारण डॉक्टरांना तोच बदल करायची मुभा हवी असते.

ऑक्सफर्डच्या गटाने २०१६ मध्ये 'ब्रेनजॅकिंग' या नावाने हल्ल्यांचे दोन प्रकार मांडले. आंधळा हल्ला, म्हणजे रुग्णाबद्दल काहीच माहीत नसताना उपकरण बंद करणं, बॅटरी संपवणं, माहिती उचलणं. आणि नेमका हल्ला, ज्याला रुग्णाचा आजार, इलेक्ट्रोडची जागा आणि सेटिंग माहीत असावी लागते. पहिला सोपा, म्हणून त्याचीच काळजी आधी. पार्किन्सनमध्ये डीबीएस एकाएकी बंद पडलं तर लक्षणं जोरात उलटतात. वर्षानुवर्षं चालू असलेलं बंद पडून ते जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. चार्ज न होणारी बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं पुरते आणि बदलायला शस्त्रक्रिया लागते. प्रत्येक खोट्या हाकेला उपकरणाने रेडिओ जागा करून 'तू कोण?' विचारलं तरी त्या बॅटरीतला थोडा अंश गेलाच. त्यामुळे काही चुकीच्या हाकांनंतर गप्प बसायची सोय फर्मवेअरमध्ये हवी. कंपनीला हे विचारा, ब्रोशरमध्ये सापडणार नाही.

पाचपाखाडी_फेज

मग सरळ पासवर्ड का लावत नाहीत? एवढं काय अवघड आहे त्यात?

सानपाडा_सिग्नल

@पाचपाखाडी, रात्री दोनला बेशुद्ध माणूस कॅज्युअल्टीत आला, उपकरण दुसऱ्या शहरात बसवलेलं, पासवर्ड पत्नीच्या डायरीत. आता बोला. वैद्यकीय उपकरण संकटात उघडंच पडलं पाहिजे, आणि उघडं पडतं ते सगळ्यांसाठीच पडतं. या क्षेत्रातला खरा पेच हाच. गणिती कूटलेखन तुलनेने सोपं आहे.

त्यावरचे मार्ग तीन-चारच. अंतराची अट, म्हणजे कॉइल अंगाला लागल्याशिवाय सत्र नाही. चुंबक, पण जुन्या डीबीएसमध्ये चुंबकी स्विच असल्याने दुकानाच्या दारातल्या चोरी-रोधक खांबांनीही उपकरण बंद पडायचं. तिसरा २०११ मधला एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्टचा 'शील्ड': अंगावर बाहेरून घालायचं यंत्र, जे उपकरणाचं बोलणं स्वतः ऐकतं आणि त्याच वेळी इतरांसाठी गोंगाट करून झाकतं. संकटात डॉक्टरांनी ते काढून बाजूला ठेवलं की काम झालं. कल्पना नामी, पण रोज गळ्यात अडकवून ठाणे स्टेशनचा पूल चढणार कोण?

मला पहिला मार्गच पटतो. ज्याचा हात छातीपर्यंत पोचला आहे, तो रेडिओशिवायही पुष्कळ काही करू शकतो.

ऐरोली_पॅकेट

ब्लूटूथवाल्या पिढीचं थोडं सविस्तर, कारण इथे गफलत नेहमी जोडणीच्या पहिल्या मिनिटात होते.

इम्प्लांटला ना पडदा ना बटण. जोडणीच्या वेळी ते स्वतःची क्षमता 'नो इनपुट नो आउटपुट' अशी कळवतं (किंमत ०३) आणि पद्धत आपसूक 'जस्ट वर्क्स' (खातरजमा न करता जोडणारी) ठरते. जुन्या 'लेगसी' जोडणीत 'जस्ट वर्क्स'ची तात्पुरती किल्ली शून्य असते. म्हणजे जोडणीची ती काही पाकिटं ज्याने टिपली, त्याने पुढचं सगळं संभाषण उघडलं. सहा आकडी पासकी असली तरी शक्यता दहा लाखच, लॅपटॉपला त्या काहीच नाहीत. ब्लूटूथ ४.२ पासून (२०१४) 'एलई सिक्युअर कनेक्शन्स' आलं. त्यात पी-२५६ वक्रावर किल्लीची देवाणघेवाण होते, त्यामुळे नुसतं ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण पद्धत 'जस्ट वर्क्स'च राहिली तर मध्ये बसून दोघांशी खोटं बोलणारा पकडला जात नाही. तेव्हा ओळख दुसऱ्या वाटेने पटवायला हवी: कॉइल किंवा एनएफसीवरून किल्लीचा अंश द्यायचा. सानपाडासाहेबांची अंतराची अट इथे नेमकी बसते.

तपासायचं असेल तर एनआरएफ५२८४० डोंगल, नॉर्डिकचं स्निफर फर्मवेअर आणि वायरशार्क एवढं पुरतं. आधी जाहिरातीचे (उपकरण 'मी इथे आहे' असं कळवतं ते) तीन चॅनेल ३७, ३८, ३९ (२४०२, २४२६, २४८० मेगाहर्ट्झ) ऐकायचे. स्निफर आधीपासून चालू नसेल तर जोडणीची विनंती निसटते आणि पुढचं काही दिसत नाही. निम्मे लोक इथेच अडकतात. मग 'पेअरिंग रिक्वेस्ट' आणि 'रिस्पॉन्स' दोन्हींत ऑथ-रिक्वेस्टचे बिट पाहायचे. एससी (सिक्युअर कनेक्शन्स) दोन्हीकडे १ नसेल तर जोडणी लेगसी झाली. एमआयटीएम दोन्हीकडे ० असेल तर मध्यस्थापासून संरक्षण नाही.

आणखी एक, जे लोकलमध्ये सगळ्यात लागू. कूटलेखन कितीही पक्कं असो, जाहिरातीच्या पाकिटात मॉडेलचं नाव किंवा न बदलणारा पत्ता असेल, तर शेजारच्याला फुकटात कळतं की या डब्यात कोणाच्या अंगात इम्प्लांट आहे, आणि तोच माणूस रोज याच गाडीला असतो. पत्ता ठराविक वेळाने बदलणारा हवा (साधारण १५ मिनिटं प्रचलित) आणि नावाची जागा रिकामी.

संपादक

सूचना: वरची तपासणी स्वतःच्या डेव्हलपमेंट बोर्डावर करा. कोणाच्या अंगातल्या उपकरणाशी परवानगीशिवाय छेडछाड हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. त्या दिशेचे प्रतिसाद उडवले जातील.

कोपरखैरणे_ईईजी

तिसऱ्या जातीबद्दल. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बीसीआयचा (मेंदू-संगणक जोडणीचा) प्रोजेक्ट म्हणजे बहुतेक ओपनबीसीआय सायटन (८ चॅनेल, एडीएस१२९९ चिप, २४ बिट, २५० हर्ट्झ) आणि त्यावर सिग्नल एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे नेणारं लॅब स्ट्रीमिंग लेयर, म्हणजे एलएसएल. सगळे ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर नॉच फिल्टर लावतात, नेटवर्ककडे कोणी बघत नाही.

एलएसएलमध्ये मूळ रचनेतच ओळख पटवणं नाही, कूटलेखनही नाही. ते बंद प्रयोगशाळेसाठी बनलं आहे. प्रवाहांचा शोध यूडीपी १६५७१ वर मल्टिकास्टने (नेटवर्कवरच्या अनेकांना एकदम हाक देऊन) लागतो, माहिती टीसीपी-यूडीपी १६५७२ पासून पुढच्या पोर्टांवरून जाते. कॉलेजच्या वाय-फायवर हे चाललं की त्याच सबनेटवरचा कोणीही प्रवाह शोधून कच्चा ईईजी घेऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे घेणारा प्रोग्रॅम तुटलेला प्रवाह सोर्स-आयडीवरून (प्रवाहाच्या ओळखीच्या नावावरून) पुन्हा जोडतो. तोच सोर्स-आयडी लावून कोणी खोटा प्रवाह उभा केला आणि खऱ्याचं वाय-फाय क्षणभर गेलं, तर तुमची व्हीलचेअर दुसऱ्याच्या सिग्नलवर चालेल, आणि पडद्यावर सगळं सुरळीत दिसेल.

उपाय: एलएसएल_एपीआय.सीएफजी फाइलमध्ये मल्टिकास्ट विभागात रिझॉल्व्हस्कोपची किंमत 'मशीन' करा (मूळ किंमत 'साइट' असते). मग शोध त्याच संगणकापुरता राहतो. दोन संगणक लागत असतील तर मधे स्वतंत्र छोटा राउटर, इंटरनेट नाही, आणि दोन्हीकडे फायरवॉलमध्ये १६५७१ ते १६६०४ फक्त समोरच्या आयपीला उघडं. त्याच फाइलमधला सेशन-आयडी बदलून काही जण निर्धास्त होतात. तो गोंधळ टाळण्यासाठी आहे, कुलूप नव्हे. आणि चालत्या वस्तूला जोडलं असेल तर हार्डवेअरचा आणीबाणीचा स्विच एलएसएलच्या बाहेर, थेट मोटरच्या वीजवाटेवर.

पाचपाखाडी_फेज

ईईजी पट्टा लावून एटीएमचा पिन काढता येतो असं फॉरवर्ड फिरतंय. खरं?

कोपरखैरणे_ईईजी

मूळ अभ्यास २०१२ चा, यूझनिक्स सिक्युरिटी या संगणक सुरक्षेच्या परिषदेतला. इमोटिव्हचा बाजारातला पट्टा, २८ जण. पडद्यावर आकडे, बँकांची नावं, चेहरे, नकाशे दाखवायचे आणि ओळखीची गोष्ट दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उठणारी पी३०० लाट शोधायची. निष्कर्ष असा की आंधळ्या अंदाजाच्या तुलनेत अनिश्चितता सरासरी १५ ते ४० टक्के कमी झाली. म्हणजे पिन 'वाचला' नाही, अंदाज सुधारला. त्यातही माणसाने पट्टा नीट लावून, स्थिर बसून पडद्याकडे बघायला हवं.

पण गेम किंवा 'एकाग्रता वाढवा' अ‍ॅप नेमकं हेच करून घेतं, तेही तासन् तास. तेव्हा पिनपेक्षा मला कच्च्या लहरी सर्व्हरवर जाण्याची चिंता जास्त. त्यात झोपेच्या, फेफऱ्याच्या खुणा असतात, माणूस ओळखता येण्याइतकी वैशिष्ट्यं असतात, आणि पासवर्डसारख्या त्या बदलता येत नाहीत. अ‍ॅपला 'लक्ष ६२ टक्के' एवढाच आकडा लागत असेल तर तो फोनवर काढावा, कच्चा सिग्नल फोनबाहेर जाऊ नये.

वागळे_बेंच

दुसरी जात राहिली. एन१ मध्ये ६४ धाग्यांवर १०२४ इलेक्ट्रोड, माहिती ब्लूटूथने बाहेर. हेतूचा कर्सर बनवणारा डिकोडर चालतो बाहेरच्या संगणकावर. जानेवारी २०२४ मधल्या पहिल्या रुग्णात काही धागे मेंदूतून मागे सरकले, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअर बदलून कामगिरी परत वर आणली. वैद्यकीय दृष्ट्या उत्तम बातमी. सुरक्षेच्या नजरेने वाचली तर अपडेटची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या माणसाचा 'हात'. इम्प्लांट फोडायची गरजच नाही, लॅपटॉपवरचं मालवेअर पुरे. आणि आपण संशय आल्यावर माउस उपटून टाकतो, ते मानेखाली हालचाल नसलेल्याला जमत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार आणि ई-मेल पाठवणं यांना डिकोडरबाहेरची दुसरी खातरजमा हवी: आवाज, डोळ्यांची उघडझाप, काहीही, पण वेगळ्या वाटेने आलेली.

अवांतर: हॅकरपेक्षा दिवाळखोरी जास्त घात करते. सेकंड साइटचं आर्गस २ हे ६० इलेक्ट्रोडचं दृष्टिपटलावरचं उपकरण जगभर ३५० हून जास्त लोकांना बसवलं होतं. कंपनी डबघाईला आल्यावर दुरुस्ती, सुटे भाग, अपडेट सगळं थांबलं; उपकरणं डोळ्यांतच राहिली.

ऐरोली_पॅकेट

अवांतर कसलं, तोच मुद्दा आहे. ज्याला पॅच मिळणार नाही ते उपकरण आज सुरक्षित असलं तरी पाच वर्षांनी नसेल.

मज्जातंतू_खारघर

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली अ ते ड असे धोक्याचे वर्ग आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात मेंदूच्या संकेतांचा वेगळा उल्लेख नाही, संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड मात्र २५० कोटींपर्यंत. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत मेंदूतल्या माहितीला संरक्षण दिलं आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इमोटिव्हला एका ग्राहकाची माहिती पुसायला लावली. अमेरिकेत मार्च २०२३ पासून इंटरनेटला जोडता येणाऱ्या नव्या उपकरणाच्या अर्जासोबत आतल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी द्यावी लागते. तेच मॉडेल इथे विकत असतील तर ती यादी रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागाने मागायला काहीच हरकत नाही.

नौपाड्याचा_नाना

सगळं वाचलं. आता डीबीएस बसवलेल्याच्या घरच्यांनी उद्या सकाळपासून काय करायचं, ते सरळ सांगा की.

मज्जातंतू_खारघर

नाना, सगळ्यात आधी हॅकर विसरा आणि फिजिओथेरपीवाल्याला सांगा. खांदा धरला, गुडघा दुखला की गल्लोगल्ली शॉर्टवेव्ह डायथर्मी देतात, २७.१२ मेगाहर्ट्झ. ती ऊर्जा तारेतून इलेक्ट्रोडच्या टोकाशी जमून मेंदूची ऊती भाजते. डीबीएस रुग्णांचे यात मृत्यू झाल्याचं अमेरिकी एफडीएने २००२ मध्येच जाहीर केलं. उपकरण बंद ठेवलं तरी चालत नाही, आणि शेक गुडघ्याला असला तरी नाही. शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासाउंडचा शेक, तिन्ही वर्ज्य. एमआरआय मॉडेलप्रमाणे अटींवर, त्यामुळे कार्ड पाहिल्याशिवाय टेबलावर झोपायचं नाही.

इम्प्लांटचं कार्ड पाकिटात. मेट्रो, मॉल, विमानतळावर ते दाखवून हाताने तपासणी मागा. मॅगसेफवाला फोन छातीच्या खिशात नको. अ‍ॅपलचं स्वतःचं म्हणणं १५ सेंमी दूर, वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंमी.

ऐरोली_पॅकेट

रिमोट फोनवर असेल तर तो फोन शक्यतो त्याच कामासाठी ठेवा. बाहेरून उतरवलेली एपीके (अ‍ॅपच्या फाइली) नकोत, डेव्हलपर ऑप्शन बंद, स्क्रीनलॉक चालू. फोनची मोठी ओएस अपडेट आली तर कंपनीच्या सुसंगत फोनांच्या यादीत ती आवृत्ती दिसेपर्यंत थांबा. छोटे सुरक्षा पॅच घ्या. जोडणी क्लिनिकच्या गर्दीत नको, घरी करा. आणि नातवाच्या हाती तो फोन नको, हे वेगळं सांगायला नको.

नौपाड्याचा_नाना

आणि उपकरणाचंच फर्मवेअर अपडेट करायला बोलावलं तर?

मज्जातंतू_खारघर

जावं, पण विचारून. ऑगस्ट २०१७ मध्ये अ‍ॅबटच्या पेसमेकरांसाठी असं अपडेट निघालं, अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार उपकरणांना. शस्त्रक्रिया नाही, कांडी टेकवून ३ मिनिटं. तेवढा वेळ यंत्र ६७ ठोक्यांच्या राखीव लयीत चालायचं. यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता ०.००३ टक्के सांगितली होती, म्हणून काही डॉक्टरांनी पूर्ण पेसमेकरवर अवलंबून असलेल्यांना सोयीसुविधा हाताशी असलेल्या ठिकाणीच बोलावलं. डीबीएससाठी हेच विचारा: अपडेट चालू असताना स्पंद बंद राहणार का, किती मिनिटं, फसलं तर जुनी आवृत्ती परत येते का, आणि त्या दिवशी कंपनीचा माणूस हजर असेल का. काही बिघडलंच तर रुग्णालयामार्फत मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅममध्ये (वैद्यकीय उपकरणांच्या बिघाडांची दखल घेणारी सरकारी योजना) नोंद करायला लावा.

अपडेटआधी सध्याच्या सेटिंगचा प्रिंट मागून घ्या: दोन्ही बाजूंचे कॉन्टॅक्ट, ध्रुवता, मिलिअँपिअर, पल्सची रुंदी, हर्ट्झ, फर्मवेअरचा क्रमांक. फाइलीत लावा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकू नका. वर लिहिलेल्या नेमक्या हल्ल्याला लागणारी बहुतेक माहिती त्याच कागदावर असते.